कोपर्निकस मार्गावरचा दोन तासांचा नाच

दिल्लीला कामासाठी आलेला आणि जुन्या महाराष्ट्र सदनात उतरलेला मराठी माणूस संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडला, की कोपर्निकस मार्गावर येतो. मंडी हाऊसच्या चौकापर्यंत रमतगमत जायचं. या रस्त्यावर कमानी सभागृह आहे, श्रीराम भारतीय कला केंद्र आहे आणि चौकाच्या कोपऱ्यावर जाळीदार खिडक्यांचं रवींद्र भवन. थंडीच्या दिवसांत इथे आठवड्यातून दोन-तीनदा तरी नृत्याचा कार्यक्रम असतो. पत्रिकेवर वेळ साडेसहाची, सुरू व्हायला सात वाजतात. समई लावायची, पाहुण्यांना शाल द्यायची, मग मंगलाचरण, पल्लवी, एक अभिनयाचा तुकडा आणि शेवटी मोक्ष. नऊच्या आत सगळे बाहेर. दारातला चहा घेऊन मेट्रो पकडायलाही वेळ उरतो.

निवेदिका दर वेळी सांगते की ही कला हजारो वर्षं जुनी आहे. असेलही. पण हा दोन तासांचा कार्यक्रम किती जुना? देवळातली नर्तकी देवाच्या वेळापत्रकानं नाचायची, समोर तिकीट काढून बसलेला प्रेक्षक नव्हता. कथकली तर आपल्या कोकणातल्या दशावतारासारखी, रात्र जागवून पहाटेला संपणारी. मग मूळचं कोणी कापलं, कुठे कापलं आणि दिव्यांच्या झोतात आणून कोणी उभं केलं? एकट्याचं हे काम नव्हे. उदयशंकर आहेत, मॅडम मेनका आहेत, मद्रासेत रुक्मिणीदेवी आहेत. पण या वंशावळीतली एक फांदी सरळ कोपर्निकस मार्गावर येते आणि तिचं मूळ निघतं अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, पेटोस्की नावाच्या गावी.

तिथे १८९३ साली एका जर्मन शिंप्याच्या घरी एस्तर ल्युएला शर्मन जन्मली. पुढे कुटुंब मिनिआपोलिसला गेलं. एस्तरला नाचाचं वेड. ती नाच शिकली आणि गावातल्या कॅबरेंत, छोट्या थिएटरांत नाचू लागली. रशियन म्हणा, ग्रीक म्हणा, इजिप्शियन म्हणा, ज्या नाचाची मागणी असेल तो नाच. जाहिरातीत कधी तिचं नाव रीटा कासिलास असायचं, कधी चक्क तोडी रागिणी. रागमालेच्या चित्रांतली, हरणांना वीणा ऐकवणारी तोडी मिनिसोटाच्या बर्फात कोणाला माहीत असणार? ते नाव तिला वाचनातून सापडलं असावं आणि कानाला गोड लागलं असावं.

हसू येतं, पण त्या काळची अमेरिकन रंगभूमीच तशी होती. रूथ सेंट डेनिस या तिथल्या गाजलेल्या नर्तकीला पूर्वेकडच्या नाचाची कल्पना सुचली ती सिगारेटच्या जाहिरातीवरून. बफेलो शहरात एका दुकानात इजिप्तची देवी बसलेलं पोस्टर तिनं पाहिलं आणि त्यातून फिरत फिरत १९०६ साली तिचा ‘राधा’ हा नाच न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. देवी इजिप्तची, राधा वृंदावनची, संगीत फ्रेंच ऑपेराचं. प्रेक्षक खूश होते. तपासून पाहायला तिथे भारतीय होते किती?

एस्तरला मात्र एक भेटला. रामलाल बलराम बाजपेयी, राहणार नागपूर. मध्य प्रांताच्या राजधानीतून निघालेला, स्वातंत्र्याच्या विचारानं भारलेला आणि विज्ञान शिकायला मिनिसोटात आलेला तरुण. १९२१ साली दोघांनी लग्न केलं. हे लग्न सोपं नव्हतं. तेव्हाच्या अमेरिकेत १९०७ चा एक कायदा होता. परदेशी माणसाशी लग्न केलं की अमेरिकन बाईचं नागरिकत्व जाई. पुरुषाला ही अट नव्हती, हे सांगायला नकोच. शिंप्याची लेक, कायद्याच्या भाषेत सांगायचं तर, नागपूरची सून झाली. सासर पाहण्याआधीच.

जोडपं न्यूयॉर्कला आलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये ग्रीनिच व्हिलेज थिएटरमध्ये एक नवी नर्तकी लोकांसमोर आली. रीटा गेली, तोडी गेली, राहिली ती रागिणी. पुढे तिनं त्याला देवी जोडलं. वर्तमानपत्रांना तिनं सांगितलं की आपण जन्मानं हिंदू आहोत, काश्मीरच्या आहोत. काश्मीरच का, हे कळायला फार डोकं लावावं लागत नाही. इतक्या गोऱ्या कातडीला हिंदुस्थानात बसवायचं तर तेवढा एकच सोयीचा पत्ता होता.

नावातल्या त्या देवीबद्दल थोडं. त्याच सुमाराला आपल्याकडे ज्या स्त्रिया रंगभूमीवर पाय रोवत होत्या त्या सगळ्या बाई: कमलाबाई, हिराबाई. मराठीत बाई हा आदराचा शब्द, शाळेतली मास्तरीणही बाईच. यमुनेकाठी मात्र बाई म्हटलं की लोकांना कोठा आठवायचा. पुढे हिंदी बोलपटांच्या श्रेयनामावलीत देवींची रांग लागली ती उगीच नाही. न्यूयॉर्कमध्ये बसून एस्तरनं योग्य तेच पद निवडलं. सल्ला नवऱ्याचा होता की तिचा स्वतःचा, कोण जाणे.

आता ही बाई लबाड होती का? होती, थोडी. पण तिचं वेगळेपण पुढच्या आठ वर्षांत आहे. १९१७ साली आनंद कुमारस्वामी आणि दुग्गिराला गोपाळकृष्णय्या यांनी नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पणा’चं इंग्रजी भाषांतर हार्वर्डकडून छापून घेतलं होतं. हातांच्या मुद्रा, मानेच्या हालचाली, नजरेचे प्रकार सगळं आता इंग्रजी वाचणाऱ्याच्या हाती आलं होतं. असली पुस्तकं, संग्रहालयातल्या मूर्ती आणि भारतीय विद्यार्थ्यांकडून मिळतील ती गाणी एवढ्या भांडवलावर तिनं नाच रचले आणि १९२८ साली ‘नृत्यांजली’ नावाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं. हिंदू नृत्याची ओळख करून देणारं हे पुस्तक लिहिणारीनं तोवर हिंदुस्थानातला एकही नाच हिंदुस्थानात पाहिलेला नव्हता. खोटं बोलून झाल्यावर ते खरं करून दाखवायला निघणारी माणसं थोडी. ती १९३० साली निघाली. पोटात मूल होतं. नवरा मागेच राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मद्रासेत मुलगी झाली, तिचं नाव इंद्राणी.

इथून पुढे तिला अहो-जाहो करायला हवं, कारण रागिणी देवी आता विद्यार्थिनी झाल्या. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराच्या परंपरेतल्या गौरी अम्माळ यांच्याकडे त्या दासीअट्टम शिकल्या. देवदासींच्या नाचाविरुद्ध तेव्हा मद्रासेत जोराची चळवळ चालू होती. घरंदाज तमिळ मुली त्या नाचाच्या वाऱ्याला उभ्या राहत नव्हत्या. तिथे ही परदेशी बाई वयाच्या सदतिशीनंतर अडवू, म्हणजे मूळ पदन्यास, शिकत होती. मग त्या केरळात कवी वळ्ळत्तोळ यांनी नुकत्याच काढलेल्या कलामंडलमच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. कथकली म्हणजे पुरुषांचं राज्य. सीता पुरुष, द्रौपदी पुरुष, दमयंती पुरुष. आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून उभे राहत होते तसंच. मराठीत ‘आंधळ्यांची शाळा’ १९३३ च्या जुलैत आलं आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करायच्या ही गोष्ट नाट्यमन्वंतर या संस्थेनं ठामपणे मांडली. जवळपास त्याच वेळी मिशिगनची एक बाई कथकलीच्या कळरीत, म्हणजे तालमीच्या जागेत, मुद्रा घोटत होती, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

तिथे त्यांना गोपीनाथ हा तरुण नट भेटला. दोघांनी जोडी जमवली आणि १९३३ मध्ये मुंबईत कार्यक्रम केला. ही जागा जरा थांबून पाहण्यासारखी आहे. कथकली कशी चालते? संध्याकाळी वाद्यं वाजवून गावाला वर्दी द्यायची. नट चटईवर आडवा पडतो आणि रंगवणारा तांदळाच्या पिठाच्या पेस्टनं त्याच्या जबड्याभोवती चुट्टीची पांढरी कड चढवत बसतो. यातच काही तास जातात. मग मोठ्या पितळी दिव्यापुढे दोघे जण पडदा धरतात, पडद्यामागून आधी नुसता मुकुट दिसतो, नखं दिसतात. गायक एक ओळ गातो, ती नट हातांनी आणि डोळ्यांनी बोलतो, पुन्हा बोलतो, वाढवतो. एका ओळीला कितीही वेळ लागो. गावाला घाई नसते, पोरं तिथेच झोपतात आणि युद्धाच्या प्रसंगाला चेंडा या ढोलाच्या आवाजानं उठतात.

हे मुंबईच्या थिएटरमध्ये न्यायचं म्हणजे काय करायचं? तिथला प्रेक्षक मल्याळम जाणत नाही, त्याला शेवटची लोकल गाठायची आहे. तेव्हा कथेतून एक प्रसंग उचलायचा, पाच-सात मिनिटांचा करायचा. रंग हलका, पोशाख सुटसुटीत. एकटीचा नाच, मग एकट्याचा, मग दोघांचा. मध्ये मध्यंतर. कागदावर क्रम छापायचा. कॅबरेत आणि ग्रीनिच व्हिलेजमध्ये शिकलेलं सगळं इथे कामाला आलं. कोणता नाच आधी, कोणता मागाहून, प्रकाश कुठून, टाळ्या पडल्यावर किती वेळ थांबायचं, हे कोणत्याही कळरीत शिकवत नव्हते. कथकली गोपीनाथांची होती, कार्यक्रम रागिणी देवींचा. माझ्या मते त्यांचं खरं काम ते एवढंच आणि ते मोठं आहे. कथकलीचे जाणकार अजून या कापाकापीवर नाराज असतात. त्यांचंही चूक म्हणवत नाही, दिव्याचा पिवळा उजेड जाऊन विजेचा झोत आला की मुखवट्यासारखा रंगलेला चेहरा खरोखर उघडा पडतो.

जोडी काही वर्षांत फुटली. १९३८ मध्ये रागिणी देवी युरोपात गेल्या, महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कमध्ये त्यांनी नृत्याची शाळा चालवली आणि भारत स्वतंत्र होण्याच्या सुमाराला परतल्या. तोवर लेकीनं आपला मार्ग धरला होता. १९४५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, इंद्राणीनं हबीब रेहमान या तीस वर्षांच्या वास्तुविशारदाशी लग्न केलं. एमआयटीत शिकून आलेला, वॉल्टर ग्रोपिअसच्या हाताखाली काम केलेला माणूस. बराकपूरचा त्याचा गांधी घाट नेहरूंना आवडला आणि १९५३ मध्ये हबीब रेहमान केंद्रीय बांधकाम खात्यात दिल्लीला आले.

त्याच्या आदल्या वर्षी इंद्राणी मिस इंडिया झाल्या होत्या. एका मुलीची आई असलेली, विवाहित मिस इंडिया. कॅलिफोर्नियात लाँग बीचला पहिल्यावहिल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत त्या उभ्या राहिल्या. नंतरच्या काळातले नियम पाहता हे सगळं अजब वाटतं. पण त्यांचं नाव राहिलं ते ओडिसीमुळे. १९५४ मध्ये दिल्लीतल्या आंतरविद्यापीठ युवा महोत्सवात प्रियंवदा मोहंती या ओडिशाच्या मुलीनं नाच केला, तो चार्ल्स फाब्री या दिल्लीत स्थायिक झालेल्या हंगेरियन समीक्षकानं पाहिला आणि त्यांनी इंद्राणींच्या मागे लकडा लावला. इंद्राणी ओडिशाला गेल्या, देबप्रसाद दास यांच्याकडे शिकल्या आणि तोवर ओडिशाबाहेर फारसा कोणी न पाहिलेला हा नाच त्यांनी देशोदेशी नेला. १९६१ मध्ये वॉशिंग्टनला केनेडी आणि नेहरू यांच्यासमोर त्या नाचल्या. आईचा धंदा लेकीनं उलट दिशेनं केला: आई अमेरिकेत खोटी भारतीय होऊन नाचली, लेक खरी भारतीय म्हणून तिथे पाहुणी गेली.

त्याच १९६१ साली, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीला, मंडी हाऊसच्या कोपऱ्यावर रवींद्र भवन उभं राहिलं. वास्तुविशारद हबीब रेहमान. त्यांचा पहिला आराखडा नेहरूंना पसंत पडला नव्हता. मग जाळ्या आल्या, सज्जे आले. संगीत नाटक, साहित्य आणि ललित कला, तिन्ही अकादम्या या जावयाच्या इमारतीत नांदू लागल्या. गोपीनाथही त्याच सुमाराला, गुरू गोपीनाथ होऊन, काही काळ दिल्लीत होते आणि श्रीराम भारतीय कला केंद्राची रामलीला बसवत होते. म्हणजे १९३३ च्या मुंबईतल्या त्या कार्यक्रमाचे धागे अठ्ठावीस वर्षांनी दिल्लीतल्या एकाच चौकात येऊन पोचले होते. फक्त रागिणी देवी त्यात कुठे दिसत नाहीत. इंद्राणींना १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली, १९८१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. नात सुकन्याही नर्तकी झाली आणि तिनं या तिघींची गोष्ट पुस्तकात लिहिली. नातू राम रेहमान छायाचित्रकार, सहमत या कलावंतांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. आजी म्हातारपणी अमेरिकेला परतल्या आणि न्यू जर्सीतल्या एंगलवुड इथे, थकलेल्या नटनट्यांसाठी चालवलेल्या एका वृद्धाश्रमात १९८२ मध्ये गेल्या. शेवटचा पत्ताही रंगभूमीचाच.

जाण्याआधी त्यांनी आणखी एक पुस्तक पुरं केलं होतं, ‘डान्स डायलेक्ट्स ऑफ इंडिया’. भारतभर हिंडून, नाच पाहून, शिकून लिहिलेलं. ‘नृत्यांजली’तलं ऐकीव आणि वाचीव यात उरलेलं नाही. महाराष्ट्र सदनात मुक्काम असेल आणि एखादी दुपार मोकळी असेल तर ते कुठल्या ग्रंथालयात मिळतं का पाहा, शोधायला दूर जावं लागू नये. १९७२ साली ते छापलं गेलं ते दिल्लीतच. लेखिकेचं नाव रागिणी देवी.