चंपावतच्या वाघिणीचे दात

रायफल हातात घ्या. वाटलं होतं त्यापेक्षा हलकी आहे. .२७५ बोअरची, माउझर पद्धतीच्या बोल्टची, लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीत घडवलेली. लाकडी दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी आहे आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरं कोरली आहेत. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जे. पी. ह्युएट यांनी ही रायफल जे. जी. कॉर्बेट यांना दिली, १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल. अक्षरांवरून अंगठा फिरवा. आता रायफल उजव्या हातात घेऊन छातीवरून तिरकी धरा, आणि डावा हात मोकळा ठेवा. त्या हातात अंडी धरायची आहेत.

तारीख ११ एप्रिल १९३०. जागा कुमाऊंतलं काला आगर. तुम्ही जिम कॉर्बेटच्या जागी उभे आहात. चौगढची वाघीण या मुलखात चार-पाच वर्षं माणसं मारते आहे आणि सरकारी यादीतला आकडा ६४ वर गेला आहे. आमिषाचा रेडा बांधायला तुम्ही दोन माणसांना घेऊन निघालात आणि वाटेत एका खळग्यात रातव्याची दोन अंडी दिसली. एक लांबट, टोकाला निमुळतं; दुसरं पार गोल. कॉर्बेट त्या काळात पक्ष्यांची अंडी जमवायचा. तुम्ही ती शेवाळात अलगद गुंडाळून घेतलीत.

समोर मोठी गुळगुळीत शिळा आडवी आली. तिच्यावरून घसरत तुम्ही ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरलात. बुटांखाली मऊ वाळू आहे, पावलांचा आवाज होत नाही. शिळा ओलांडून एक-दोन पावलं गेलात आणि उजव्या खांद्यावरून मागे पाहिलंत.

आठ फुटांवर वाघीण बसली आहे. पुढचे पंजे पसरलेले, मागचे पाय पोटाखाली ओढून घेतलेले. तिची नजर तुमच्या डोळ्यांवर आहे.

रायफलीचं तोंड भलतीकडेच आहे. तिच्यावर आणायचं तर नळीला पाऊण वर्तुळ फिरायला हवं, तेही एका हातानं. झटका दिलात तर ती झेपावेल. म्हणून सावकाश, इतकं सावकाश की तिला हालचाल जाणवू नये. दस्ता बरगडीला लागतो. हात ताणला जातो, मनगट भरून येतं. नळी अजून थोडी वळायला हवी. वाघीण पापणी हलवत नाही. तुम्ही घोडा दाबता.

आवाज दरीत घुमतो आणि तरी काही घडल्यासारखं वाटत नाही. ती तशीच बघते आहे. मग तिचं डोकं हळूहळू पुढच्या पंज्यांवर टेकतं.

कॉर्बेटनं पुढं लिहिलं की आपण वाचलो त्यात अंड्यांचा वाटा होता. दोन्ही हात रायफलीवर असते तर तो गर्रकन वळला असता आणि तिथंच संपला असता. दुसरा वाटा रायफलीच्या हलकेपणाचा. जड दुनळी एका हातानं अशी फिरली नसती. अंडी त्यानं परत जाऊन होती तिथं ठेवली. अर्ध्या तासानं तो तिथून गेला तेव्हा रातव्याची मादी अंड्यांवर येऊन बसली होती.

तुम्ही मात्र निघायची घाई करू नका. वाघिणीजवळ वाका. नखं तुटलेली, फाटलेली. एक सुळा मोडलेला, पुढचे दात झिजून हाडापर्यंत आलेले. या तोंडानं सांबर धरता येत नाही. आधी तिचं वाढलेलं पिल्लू तिच्यासाठी शिकार पाडायचं. कॉर्बेटनं पहिल्या खेपेला ती समजून त्याला मारलं आणि ती एकटी पडली.

हे तोंड लक्षात ठेवा आणि २३ वर्षं मागे चला. पट्टीवर कोरलेलं साल तेच आहे.

१९०७. हातातली रायफल नाहीशी झाली. अजून ती कॉर्बेटला मिळालेलीच नाही. चंपावतच्या वाघिणीनं आधी नेपाळात दोनशेच्या घरात माणसं मारली, तिथून हाकलल्यावर ती कुमाऊंत आली. कॉर्बेटच्या हिशेबानं एकूण बळी ४३६. नैनितालचे डेप्युटी कमिशनर त्याला बोलवायला आले तेव्हा त्यानं दोन अटी घातल्या: वाघिणीवर लावलेलं इनाम रद्द करा आणि तिच्यामागे पाठवलेले सगळे शिकारी, शिपाई परत बोलवा. इनामासाठी मारणाऱ्यांत त्याला आपली गणती नको होती.

पाली गावात पोचा. दिवसाउजेडी दारं बंद आहेत. अंगणांत घाण साचली आहे, कारण कित्येक दिवस कुणी उंबऱ्याबाहेर पडलेलं नाही. या मुलखात एक बाई आहे, तिला बोलता येत नाही. वर्षभरापूर्वी ती बहिणीबरोबर गवत कापत होती आणि वाघिणीनं बहिणीला उचललं. ही हातात विळा घेऊन वाघिणीमागे धावली, तिला सोड, मला ने, असं ओरडत. वाघीण बहिणीला खाली टाकून हिच्यावर गुरगुरत आली. ही जीव घेऊन गावाकडे पळाली. आपण ओरडतो आहोत असं तिला वाटत होतं. गावात पोचली तेव्हा लोकांना कळलं की तिच्या तोंडून शब्दच फुटत नाही.

आता चंपावतची ती दुपार. तहसीलदारानं तीनशेच्या आसपास गावकरी डोंगरमाथ्यावर जमवले आहेत. कुणाकडे ढोल, कुणाकडे डबे, कुणाकडे परवान्याशिवाय बाळगलेल्या ठासणीच्या बंदुका. तहसीलदारानं त्या बंदुकांकडे काणाडोळा केला. माझ्या मते त्या दिवशीचा सगळ्यात शहाणा निर्णय हाच. कॉर्बेटकडे तीनच काडतुसं होती आणि ती संपल्यावरही वाघीण उभीच होती. तो धावत जाऊन तहसीलदाराची जुनाट बंदूक घेऊन आला आणि शेवटचा बार त्या बंदुकीनं झाला.

परतताना कातडं घेऊन तो त्या बाईच्या दारात थांबला. तुम्ही तिथं कोपऱ्यात उभे राहा. कातडं अंगणात उलगडलं आहे आणि ती नवऱ्याला, शेजारणींना हाका मारते आहे: या, बघा, साहेबानं काय आणलंय! वर्षभरानंतरचे तिचे हे पहिले शब्द.

काही महिन्यांनी नैनितालला दरबार भरला. तहसीलदाराला बंदूक मिळाली, शोधात सोबत आलेल्या माणसाला शिकारी सुरी मिळाली. कॉर्बेटनं हे दोन्ही मान आवर्जून लिहून ठेवले. स्वतःला मिळालेल्या रायफलीबद्दल मात्र तिथं तो गप्प राहिला. त्याची उंची मला या मौनात दिसते.

आणि चंपावतच्या वाघिणीचे दात? तिचे उजवीकडचे दोन्ही सुळे तुटलेले होते, वरचा अर्धा आणि खालचा थेट हाडापर्यंत. कॉर्बेटनं कारण स्पष्ट लिहिलं आहे: गोळीची जुनी जखम. कुणीतरी कधीतरी तिच्यावर गोळी झाडली, ती जबड्यात लागली, आणि नेहमीची शिकार तिला अशक्य झाली. मग ती माणसांकडे वळली. ४३६ मृत्यूंची सुरुवात एका बंदुकीपासून झाली आणि त्यांच्या शेवटाची आठवण म्हणून दुसरी बंदूक भेट दिली गेली. पहिल्या गोळीवाल्याचं नाव कुठल्याच पट्टीवर नाही. या रायफलीचं कौतुक करताना मला तो निनावी माणूस विसरता येत नाही, कारण जखमी जनावर तसंच सोडून जाण्याची किंमत त्यानं नाही, गवत कापणाऱ्या बायकांनी मोजली.

आता पुढं या, १९४४ च्या मुंबईत. महायुद्ध चालू आहे. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेतून ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ बाहेर पडतं आहे. नऊ वर्षांपूर्वी कॉर्बेटनं यातल्या काही गोष्टींच्या अवघ्या शंभर प्रती नैनितालला खासगीत छापल्या होत्या. मुंबईनं त्या गोष्टी जगापुढं नेल्या. १९४७ साली तो बहीण मॅगीबरोबर केनियाला गेला आणि १९५५ साली न्येरी इथं वारला. रायफल अनेक वर्षं ऑक्सफर्डच्या त्याच प्रकाशनसंस्थेकडे राहिली. २०१५ साली ती रिग्बी कंपनीकडे परत आली आणि २०१६ साली कुमाऊंत आणली गेली. कालाढुंगीजवळ कॉर्बेटनं वसवलेल्या छोटी हल्द्वानीच्या लोकांनी ती पाहिली.

कॉर्बेट मराठीतही आला आहे आणि आपल्या घराघरांत वाचला गेला आहे. चंपावतची गोष्ट पुन्हा वाचायला घ्याल तेव्हा वाघीण पडली की पुस्तक मिटू नका. दातांची हकिगत त्यानंतर येते, ती मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा.