व्हॉलीबॉल : मूलभूत कौशल्ये
विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील होलिओक येथे सुरू केलेल्या या खेळात सर्व्हिस, पास, सेट, स्मॅश, ब्लॉक व डिग ही प्रमुख कौशल्ये होत. पाया मात्र पासचा. गुडघे वाकवून, कोपरे ताठ व हात जुळवून चेंडू मनगटांच्या किंचित वर, हातांच्या सपाट भागावर घ्यावा; उचल पायांनी द्यावी, हात हवेत भिरकावू नयेत. नवखे नेमके तेच करतात. सेट कपाळासमोर, बोटांच्या पेरांनी. पुरुषांची जाळी २.४३ मी., महिलांची २.२४ मी. उंच असते. देवरूख (ता. संगमेश्वर) परिसरातील जांभ्याच्या कठीण जमिनीवर सूर मारून डिग घेतल्यास कोपर-गुडघे सोलवटतात, तेथे चेंडूखाली वेळेत पोहोचणारी पावले आधी घोटून घ्यावीत.