कलनपूर्व बीजगणित

शालेय बीजगणितातून प्रारंभिक कलनशास्त्राकडे नेणारी कौशल्ये: अवयव पाडणे, घातांक, फलने, आलेख, त्रिकोणमिती. कलन अवघड जाते ते बहुधा त्यातील नव्या कल्पनेमुळे नव्हे, तर ही जुनी तयारी कच्ची राहिल्यामुळे. य = क्ष² या वक्राच्या क्ष = ३ येथील स्पर्शिकेचा चढ काढताना (क्ष² − ९) ÷ (क्ष − ३) या गुणोत्तराची सीमा लागते. थेट ३ घातल्यास शून्य भागिले शून्य येते. अंशाचे अवयव पाडल्यास क्ष + ३ उरते आणि सीमा ६ मिळते. यात कलनाचे पाऊल एकच, तेही शेवटचे.

कलनासाठी बीजगणित लागतेच असे नाही, आर्किमिडीजने अन्वस्तखंडाचे क्षेत्रफळ अक्षरी बीजगणिताविनाच काढले, असा आक्षेप घेता येतो; त्यातला दाखला खरा आहे. पण त्या पद्धतीत प्रत्येक आकृतीसाठी नवी युक्ती शोधावी लागे. व्हिएतची अक्षरचिन्हे (१५९१) आणि देकार्तची निर्देशक भूमिती (१६३७) रुळल्यानंतरच न्यूटन व लायब्निट्स यांना सर्वत्र चालणारे नियम बांधता आले. म्हणून बीजगणित पक्के होईतो कलन रोखून धरावे, असे मात्र नाही; बदलाचा दर आलेखावरून आधीही समजतो, अडते ते आकडेमोडीपाशी.