ध्वनी फीडबॅक
ध्वनी फीडबॅक म्हणजे ध्वनिक्षेपकातून (स्पीकर) बाहेर पडलेला आवाज त्याच यंत्रणेच्या मायक्रोफोनमध्ये किंवा वाद्याच्या पिकअपमध्ये परत शिरून पुन्हा पुन्हा वर्धित होण्याची क्रिया होय. या क्रियेतून कर्कश शिट्टी किंवा सलग घुमणारा आवाज निर्माण होतो. बोलीभाषेत यालाच 'माईक शिट्टी मारतो' असे म्हणतात. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून या आविष्काराला 'लार्सन परिणाम' असेही नाव आहे. इलेक्ट्रिक गिटार, बँजो पथके, भजन-कीर्तन व सभा अशा सर्व ठिकाणी ही अडचण उद्भवते.

== कार्यतत्त्व ==
मायक्रोफोन, वर्धक (अँप्लिफायर), ध्वनिक्षेपक आणि त्यांमधील हवा मिळून एक बंद चक्र तयार होते. एका फेरीत आवाज जितका वाढतो तितकाच किंवा त्याहून कमी घटला, आणि परत आलेली लहर मूळ लहरीशी एकाच कलेत जुळली, तर त्या वारंवारतेचे आंदोलन आपोआप टिकून राहते व वाढत जाते. वर्धकाची क्षमता संपते तेथेच ही वाढ थांबते.

शिट्टीचा स्वर अंतरावर अवलंबून असतो. २० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. ध्वनिक्षेपक ३.४३ मीटर दूर असेल, तर आवाजास परतण्यास १० मिलिसेकंद लागतात आणि संभाव्य स्वर साधारणपणे १०० हर्ट्झच्या अंतराने येतात. त्यांपैकी ज्या स्वराला यंत्रणा आणि जागा सर्वाधिक साथ देतात, तो प्रथम वाजू लागतो. म्हणूनच वादक दोन पावले सरकला तरी शिट्टीचा स्वर बदलतो.

== इफेक्ट पेडलच्या साखळीतील कारणे ==
गिटार आणि वर्धक यांच्यामध्ये जोडलेली पेडल एकामागून एक काम करतात. त्यामुळे त्यांचे वर्धन गुणाकाराने वाढते. प्रत्येकी २० डेसिबल वर्धन करणारी दोन पेडल एकत्र चालू केल्यास एकूण वर्धन ४० डेसिबल, म्हणजे विद्युतदाबाच्या दृष्टीने १०० पट होते. स्वतंत्रपणे शांत असणारी दोन पेडल एकत्र येताच किंचाळू लागतात, त्याचे हे मुख्य कारण आहे.

* '''डिस्टॉर्शन व फझ''' : ही पेडल मूळ संकेत फार मोठा करून त्याची शिखरे कापतात. तार शांत असताना पिकअपमध्ये आलेला क्षीण आवाजही तितकाच वाढतो.
* '''कॉम्प्रेसर''' : मोठा आवाज दाबून लहान आवाज वर उचलतो, त्यामुळे विरामाच्या वेळी फीडबॅकचा संभव वाढतो.
* '''डिले''' : यात आवाज यंत्राच्या आतच पुन्हा फिरवला जातो. पुनरावृत्तीचे बटण फार पुढे नेल्यास प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्याइतकाच मोठा राहतो आणि आवाज थांबत नाही.
* '''पिकअप''' : तारेचे वेटोळे सैल असल्यास ते स्वतःच कंप पावते व मायक्रोफोनप्रमाणे वागते. अशा वेळी तीक्ष्ण, उंच पट्टीतील शिट्टी ऐकू येते.

भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने यंत्रणेत येणारी मंद गुणगुण हा फीडबॅक नव्हे. ती बहुधा सदोष अर्थिंगमुळे किंवा एकाच अडॅप्टरवर अनेक पेडल चालवल्यामुळे येते.

== निदान व नियंत्रण ==
प्रथम गिटारवरील आवाजाचे बटण शून्यावर आणतात. शिट्टी थांबल्यास आवाज पिकअपमार्गे परत येत आहे, असे समजते. न थांबल्यास दोष बहुधा पेडल, केबल किंवा वीजपुरवठा यांत असतो. त्यानंतर एकेक पेडल बंद करून दोषाची जागा शोधतात. पुढील उपाय प्रचलित आहेत:

# दोन्ही डिस्टॉर्शन पेडल कमाल वर्धनावर न ठेवता एकाचे वर्धन कमी करणे.
# वादकाने ध्वनिक्षेपकाच्या थेट समोरून बाजूला सरकणे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केल्यास आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते.
# डिस्टॉर्शननंतर नॉइज गेट जोडणे. वादन थांबल्यावर तो मार्ग बंद करतो. वादन चालू असतानाचा फीडबॅक मात्र त्याने थांबत नाही.
# इक्वलायझरने केवळ शिट्टीची वारंवारता खाली आणणे. यासाठी ३१ पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर वापरतात.
# सैल वेटोळ्याचा पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून घट्ट करणे.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==
महाराष्ट्रात मिरवणुकीतील 'बँजो' हे वाद्य वस्तुतः पिकअप बसवलेले बुलबुलतरंग असते. जपानमधील ताइशोगोतो या वाद्यापासून ते आले. मिरवणुकीत वादक आणि ध्वनिक्षेपक जवळजवळ असल्याने तेथेही वरील तत्त्वेच लागू होतात.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील ज्योतिर्लिंग मंदिराचा कीर्तनपरंपरेशी निकटचा संबंध आहे. संत नामदेवांच्या कीर्तनासाठी हे मंदिर फिरले, अशी आख्यायिका आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. दगडी मंदिरांच्या सपाट, कठीण भिंती ध्वनी फारसा शोषत नाहीत. परावर्तित आवाज मायक्रोफोनकडे परत येतो. कीर्तनात कीर्तनकार, पेटी, पखवाज व टाळकरी यांच्यासाठी अनेक मायक्रोफोन एकाच वेळी चालू असतात. चालू मायक्रोफोनची संख्या दुप्पट झाली की फीडबॅकपूर्वी मिळणारे वर्धन सुमारे ३ डेसिबलने घटते. अशा ठिकाणी ध्वनिक्षेपक मायक्रोफोनच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवणे, माईक तोंडाजवळ धरणे आणि नको असलेले माईक बंद ठेवणे हे उपाय आवाज वाढवण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरतात. माईकची जाळी मुठीत धरल्यास त्याची दिशानिवड बिघडते व शिट्टी वाढते.

== संगीतातील वापर ==
काही वादक फीडबॅकचा जाणीवपूर्वक उपयोग करतात. द बीटल्स या गटाने १९६४ मधील 'आय फील फाइन' या गीताच्या आरंभी तो वापरला. जिमी हेंड्रिक्स यांनी वर्धकापासूनचे अंतर व कोन बदलून फीडबॅकला वादनशैलीचे अंग बनवले.

== दुष्परिणाम व कायदा ==
सततच्या तीव्र शिट्टीने ध्वनिक्षेपकातील ट्विटरची गुंडाळी जळू शकते आणि श्रवणशक्तीला इजा पोहोचते. कीर्तनात किंवा व्याख्यानात शब्दच हरवतात. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई आहे. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून कमाल १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. फीडबॅक आटोक्यात असल्यास कमी आवाजातही शब्द स्पष्ट पोहोचतात. म्हणून त्याचे नियंत्रण ही मर्यादा पाळण्यासही साहाय्यभूत ठरते.