पाच डॉलरची पैज

एप्रिल १९७०. न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलवरच्या कलोसियममध्ये तुम्ही शिरता आणि आधी नाकात शिरतो तो सिगारेटचा धूर. भर हॉलमध्ये जो तो ओढतोय. ही इमारत २००० साली पाडणार आहेत हे इथे फक्त तुम्हाला ठाऊक आहे, पण मोटार प्रदर्शनाला आलेल्या माणसाला असलं काही सांगू नये. गर्दीच तुम्हाला ढकलत शेवरलेच्या मंचापाशी नेते.

मंचावर एक चंदेरी गाडी. तिला धड नावही नाही, नुसतंच एक्सपी-८८२. इतकी बुटकी की टप तुमच्या कमरेच्या जेमतेम वर येतो. बॉनेटखाली मात्र इंजिन नाही. ते व्ही-एट आहे ड्रायव्हरच्या पाठीमागे, तेही आडवं बसवलेलं. हॉलमध्ये आणखी एक मंच गाजतोय, तो फोर्डचा. तिथे इटलीत बांधलेली पँटेरा आली आहे, तिचंही इंजिन मागेच. फोर्ड ती आणणार म्हणून कानावर आलं, तेव्हा शेवरलेचे प्रमुख जॉन डिलोरियन यांनी अडगळीत पडलेली ही एक्सपी बाहेर काढायला लावली. म्हणजे ही गाडी नाही, हा शह आहे. जमलेल्यांना मात्र ती पुढची कॉर्व्हेटच वाटते.

"दोन वर्षं. फार तर तीन," तुमच्या शेजारचा तपकिरी कोटवाला म्हणतो. त्याने सिगारेटचं पाकीट उलटं केलंय आणि पेन्सिलीने त्यावर गाडीची पाठ काढतोय. मागचे दिवे चार, गोल. तेवढे तो पुन्हा पुन्हा गिरवतो. "दिवे गोलच राहणार. त्यांना हात लावायची कुणाची छाती नाही."

"आणि सामान?" त्याचा मित्र विचारतो. प्रश्न रास्त आहे. सध्याच्या कॉर्व्हेटला डिकीचं झाकणच नाही, बॅग सीटच्या मागे कोंबावी लागते. तिथे इंजिन आलं तर बॅग जाणार कुठे?

"बॅग बायकोच्या मांडीवर."

बाजारात तुरी! पण ही माणसं अगदीच हवेत बोलत नाहीत. त्यांच्या बोलण्यात एक नाव सारखं येतं, झोरा आर्कस-डंटॉव्ह. ब्रसेल्समध्ये जन्मलेला, रशियन आईवडिलांचा हा इंजिनिअर. जानेवारी १९५३ मध्ये याच शहरात, वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात, त्याने पहिली कॉर्व्हेट पाहिली. फायबरग्लासच्या रूपावर भाळला, आतला ऐवज पाहून हिरमुसला. सहा सिलिंडरचं साधं इंजिन आणि दोन गिअरची ऑटोमॅटिक! त्याने कंपनीला पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी नोकरीला लागला. पुढे १९५७ साली सेब्रिंगच्या शर्यतीत त्याच्या गाडीत ड्रायव्हर अक्षरशः भाजून निघाला, कारण पुढच्या इंजिनाची सगळी धग आत येत होती. इंजिन मागे न्या, धग मागे राहील, वजन मागच्या चाकांवर येईल आणि चाकं रस्ता घट्ट धरतील, हे त्याचं सरळ गणित. १९६० मध्ये त्याने तशी एक आसनी गाडी करूनही दाखवली. पण कंपनीचं गणित त्याहून सरळ होतं. १९६९ च्या मॉडेलच्या अडतीस हजारांवर गाड्या झाल्या. चालत्या दुकानाची फळी कोण बदलतो?

"काय, लावता पैज?" कोटवाला तुमच्याकडे वळतो. "पाच डॉलर. त्र्याहत्तरच्या आत शोरूममध्ये."

त्र्याहत्तर तर नाहीच, एवढं तुम्हाला पक्कं माहीत आहे. तरी पैशांचा मामला आहे, खात्री केलेली बरी. एक मिनिट थांबा म्हणता आणि जिन्याखाली जाता. पुढे कसं जाता ते विचारू नका, विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनाही ते कधी धड सांगता आलेलं नाही.

पॅरिस, ऑक्टोबर १९७३. मंचावर पुन्हा शेवरलेची नमुना-गाडी. इंजिन मागेच, पण आता चार रोटरचं व्हँकेल. दारं पंखांसारखी वर उघडतात. लोक आ वासून बघताहेत आणि बाहेर तेलाचं संकट पेटायच्या बेतात आहे. पेट्रोल ढोसणाऱ्या व्हँकेलचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. १९७५ मध्ये डंटॉव्ह निवृत्त होतो. १९८३ मध्ये तर गंमतच. नवी कॉर्व्हेट येते, पण थेट १९८४ चं मॉडेल म्हणून. १९८३ च्या म्हणून ज्या ४३ नमुना-गाड्या बांधल्या त्यांतली एकच, पांढरी, वाचली. ती बोलिंग ग्रीनच्या संग्रहालयात आहे. डंटॉव्हच्या अस्थीही तिथेच ठेवल्या आहेत, तो १९९६ मध्ये गेला. त्या पांढऱ्या गाडीचं इंजिनही पुढेच.

मग १८ जुलै २०१९, कॅलिफोर्नियातलं टस्टिन. महायुद्धात नौदलाची हवाई जहाजं ठेवायला बांधलेलं अवाढव्य लाकडी हँगर. मंचावर गाडी येते आणि इंजिन मागे! सहा पूर्णांक दोन लिटर, ४९५ अश्वशक्ती. किंमत साठ हजार डॉलरच्या आत म्हटल्यावर हँगर दणाणतो. पाच मिनिटांत कुरकुर सुरू. हाताने टाकायचा गिअर कुठाय? मधली ती बटणांची रांग कशाला? दिवे तर गोल नाहीतच, ते मागच्याच मॉडेलला गेले. आणि सामान? इंजिनाच्याही मागे डिकी आहे, तिच्यात गोल्फच्या दोन बॅगा मावतात. गोल्फच्या! सेब्रिंगला पाय भाजून घेतलेल्या माणसाला हे ऐकवायला हवं होतं. मला विचाराल तर गाडीपेक्षा ही डिकीच जास्त अमेरिकन आहे.

बाहेर पाण्याची बाटली घेता, सुट्ट्यांत पाचची नोट येते. ती खिशात घालून परत जिन्याखाली.

कोटवाला तिथेच आहे. त्याने आपले पाच मित्राच्या तळहातावर ठेवलेसुद्धा. तुम्ही तुमची नोट काढता. मित्र ती घेतो, अंगठ्याने चोळतो, दिव्यासमोर धरतो. मधोमध जांभळट झाक. लिंकनचं डोकं फुगल्यासारखं मोठं. उलटी करतो तर कोपऱ्यात भला थोरला जांभळा पाचाचा आकडा. मग पुन्हा सुलटी करून तो बारीक अक्षर वाचतो आणि नोट कोटवाल्यापुढे धरतो. मालिका २०१३.

दोघंही खो खो हसतात. कोटवाला नोट तुमच्या वरच्या खिशात नीट घडी करून ठेवतो, वर दोनदा थोपटतो.

"साहेब, नकली छापायचीच होती," तो म्हणतो, "तर साल तरी धड छापायचं."

आणि पुन्हा पाकिटावरचे गोल दिवे गिरवायला लागतो.