केमिकल प्लांट ऑपरेटर : नोकरी धरण्याआधी घरच्यांनी काय विचारावं?

लोटे, महाड, रोहा, तळोजा, तारापूर. कोकणपट्टीतल्या या एमआयडीसींत केमिकल कारखाने आहेत आणि आपली बरीच मुलं तिथे कामाला जातात. घरी मात्र "केमिकलमध्ये आहे" एवढंच माहीत असतं.

ऑपरेटरचं काम मुख्यतः रिअ‍ॅक्टरवर असतं. ही एक बंद टाकी. आत ढवळणी, बाहेरून जॅकेट. जॅकेटमध्ये वाफ सोडली की माल तापतो, ब्राइन सोडलं की थंड होतो. बॅचशीटच्या क्रमाने माल घालायचा, तापमान आणि दाब लॉगशीटमध्ये लिहायचा, सॅम्पल लॅबला पाठवायचं. यात ताकदीपेक्षा लक्ष जास्त लागतं, आणि तेही रात्रपाळीत पहाटे तीन वाजता.

धोका कुठे असतो? समजा, ढवळणी बंद पडली आणि वरून दुसरं रसायन येतच राहिलं. ते न मिसळता साचतं. मग कुणी घाईत ढवळणी सुरू केली की सगळी रिअ‍ॅक्शन एकदम होते आणि तापमान हाताबाहेर जातं. म्हणून जाणता ऑपरेटर आधी फीड बंद करतो, इनचार्जला कळवतो, स्वतःच्या मनाने बटण दाबत नाही. दुसरा धोका नायट्रोजनचा. त्याला वास नसतो. साफसफाईसाठी टाकीत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि वाचवायला धावलेलाही आतच राहतो. ऑक्सिजन तपासल्याशिवाय, पर्मिटशिवाय आणि बाहेर माणूस उभा असल्याशिवाय उतरायचंच नाही.

दाढीचं आधीच बोलून घ्यावं. चेहऱ्याला घट्ट बसणारा गॅस मास्क दाढीवर नीट बसत नाही, कडेने वायू आत येतो. डोक्यावरून घ्यायचा, आत हवा सोडणारा हूड हा त्यावरचा पर्याय आहे. तो कंपनीकडे आहे का, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

शिकायचं असेल तर आयटीआयचा "अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट" हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, दहावीनंतरचा. पुढे अप्रेंटिसशिप करता येते. नुसता हेल्पर म्हणून लागण्यापेक्षा ही वाट आम्हाला बरी वाटते.

नोकरी ठरताना नेमणूकपत्र कुणाच्या नावाचं आहे ते बघा, कंपनीच्या की कॉन्ट्रॅक्टरच्या. पीएफ कुठे भरला जाणार, हेही विचारा. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची माहिती मागण्याचा आणि जिवावरचा धोका दिसला तर वरिष्ठांना कळवण्याचा हक्क कामगाराला त्यातून मिळाला.

सौदीत जुबैलला जायचा विचार असेल तर अनुभवाचं पत्र आत्तापासूनच सांभाळा. कोणत्या उपकरणावर, किती वर्षं काम केलं, हे त्यात स्पष्ट लिहून घ्यावं. कॉन्ट्रॅक्टरकडच्या मुलांचं नेमकं इथेच अडतं.