खगोलवार्ता-प्रसार (अहिल्यानगर जिल्हा)

आकाशात घडलेल्या किंवा घडणार असलेल्या घटनांची, तसेच अवकाशमोहिमांची माहिती मिळवून ती स्थानिक वेळ, दिशा व परिचित नावे यांत बसवून सामान्य वाचकापर्यंत पोहोचविण्याच्या कार्यास खगोलवार्ता-प्रसार असे म्हणता येते. ग्रहण, युती (दोन ग्रह आकाशात एकमेकांजवळ दिसणे) किंवा पिधान (चंद्राने एखादा तारा झाकणे) यांची वार्ता घटनेआधीच देता येते आणि ती खरी ठरली की नाही हे वाचक स्वतःच्या डोळ्यांनी पडताळू शकतो, हे तिचे इतर वार्तांहून असलेले वेगळेपण होय. मात्र त्यासाठी दूरच्या वेधशाळेतील गणित वाचकाच्या गावापुरते करून द्यावे लागते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा व एकंदर मराठी खगोलवार्तेचा इतिहास हा मुख्यतः या रूपांतराचा इतिहास आहे.

पंचांग : छापील नियतकालिकांपूर्वी आकाशाची आगाऊ वार्ता देणारे साधन म्हणजे पंचांग होते. या परंपरेतील बापूदेव शास्त्री यांचे घराणे नेवासे तालुक्यातील गोदाकाठच्या टोके गावचे. सिहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या आश्रयाने सिद्धांतग्रंथांचे अध्ययन करून ते १८४२ मध्ये काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले आणि पुढे त्यांनी इंग्रजी नॉटिकल अल्मनॅकच्या, म्हणजे नाविकांसाठी काढल्या जाणाऱ्या ग्रहस्थितीच्या वार्षिक कोष्टकांच्या आधारे पंचांग प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून ‘पटवर्धनी पंचांग’ काढून हाच प्रयत्न केला. दोहोंमागे दृक्प्रत्ययाचे, म्हणजे गणिताने आलेली ग्रहस्थिती प्रत्यक्ष आकाशाशी जुळली पाहिजे, हे तत्त्व होते.

शेतकरी वर्गात रूढ असलेली नक्षत्रगणना मात्र वेगळ्या प्रकारची आहे. ७ जूनच्या सुमारास ‘मृग लागला’ असे म्हणतात तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात गेलेला असतो, त्यामुळे ते नक्षत्र त्या दिवसांत रात्री दिसत नाही. खगोलवार्ता लिहिणाऱ्यास सूर्याचे नक्षत्र व रात्री दिसणारे नक्षत्र यांतील हा भेद स्पष्ट करावा लागतो.

नियतकालिके : बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू करून मराठीत शास्त्रीय लेखनाला वाट करून दिली, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे कामही त्यांनी काही काळ पाहिले. त्यानंतर जून १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक अहमदनगर येथे सुरू केले व हेन्री बॅलंटाइन हे त्याचे पहिले संपादक झाले. धर्मप्रचार हा त्याचा मुख्य हेतू असला, तरी भूगोल, पदार्थविज्ञान व ज्योतिःशास्त्र यांवरील मजकूरही त्यात येत असे. पुराणांतील भूगोलवर्णनाचे खंडन करण्यासाठी मिशनरी लेखक सूर्यकेंद्री सिद्धांताचा उपयोग करीत, म्हणून या काळातील खगोलविषयक लेखनाला वादाची धार आलेली दिसते. काही वर्षांतच ‘ज्ञानोदय’ मुंबईस गेले.

विसाव्या शतकात पुण्याच्या ‘सृष्टिज्ञान’ (१९२८) मासिकाने आणि मराठी विज्ञान परिषदेच्या (१९६६) पत्रिकेने वादापेक्षा माहितीला प्राधान्य दिले. २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची भारतातील सर्वांत जुनी संघटना मानली जाते. हॅलीच्या धूमकेतूच्या १९८५–८६ मधील आगमनाच्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ सुरू झाले. जयंत नारळीकर यांच्या ‘आकाशाशी जडले नाते’ या ग्रंथाने व वृत्तपत्रीय लेखनाने व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञाची मराठी घराघरांत पोहोचविली.

स्थानिक गणित : जिल्ह्याचे मुख्य शहर सुमारे १९.१ अंश उत्तर अक्षांश व ७४.७ अंश पूर्व रेखांशावर असल्याने तेथील स्थानिक वेळ ८२.५ अंश रेखांशावर आधारलेल्या भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३१ मिनिटे मागे असते. शून्य सावली दिवस, म्हणजे मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होण्याचा दिवस, दक्षिणेकडील कर्जत येथे १३–१४ मेच्या सुमारास, शहरात १६ मेच्या आसपास आणि उत्तरेकडील कोपरगाव येथे १९–२० मेच्या सुमारास येतो. जुलैमध्ये हाच क्रम उलटा होतो. शहरात मे महिन्यातील हा क्षण घड्याळात बारा वाजता न येता सुमारे १२ वाजून २७ मिनिटांनी येतो. राज्यभरासाठी एकच तारीख व वेळ छापली, तर एकाच जिल्ह्यातील वाचकांचाही प्रयोग फसतो.

उल्कावर्षावाच्या वार्तेलाही हेच लागू पडते. ऑगस्टमधील ययाती तारकासमूहातील वर्षाव जगभर गाजतो, परंतु तेव्हा अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागावर पावसाळी ढग असतात व पर्जन्यछायेतील पूर्वेकडच्या तालुक्यांतही आकाश निरभ्र असण्याची खात्री नसते. येथील निरीक्षकाला १३–१४ डिसेंबरच्या सुमाराचा मिथुन राशीतील वर्षाव अधिक सोयीचा ठरतो. कळसूबाई (१,६४६ मी.) व भंडारदरा परिसरातील अंधारे आकाश या काळात निरीक्षणास उपयुक्त असते.

जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपासून जवळच, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या तिच्या ३० अँटेना सुमारे २५ किमी. टापूत इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात पसरलेल्या आहेत. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तेथे भरणाऱ्या प्रदर्शनामुळे परिसरातील विद्यार्थ्यांना संशोधनाची वार्ता थेट संशोधकांकडून ऐकता येते.

पडताळणी : नव्या धूमकेतूचा किंवा नवताऱ्याचा शोध लागल्यास तो अमेरिकेतील केंब्रिज येथील खगोलीय तारांच्या केंद्रीय कार्यालयाला कळविण्याची आणि इतर निरीक्षकांनी दुजोरा दिल्यावर तो जाहीर करण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या संदेशांना अशी चाळणी नसते. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५.५८ कोटी किमी. इतका जवळ आला, त्यावरून निघालेली ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ ही अफवा नंतरही ऑगस्टमध्ये पुनःपुन्हा पसरली. वस्तुतः तेव्हाही मंगळबिंबाचा दृश्य व्यास पूर्ण चंद्राच्या सत्तरांशाइतकाच होता.

उलट, २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ व उत्तर महाराष्ट्राच्या आकाशातून जळत गेलेल्या वस्तूची असंख्य चित्रणे लोकांनी लगेच प्रसृत केली. प्रथम तिला उल्का समजले गेले, परंतु तिची मंद गती, तुकड्यांची रांग आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात सापडलेले धातूचे कडे यांवरून ती चिनी प्रक्षेपकाचा अवशेष असल्याचा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. कोणत्या गावातून, किती वाजता व कोणत्या दिशेस दिसले या तीन बाबी नोंदविल्या असतील, तरच सामान्य प्रेक्षकाचे चित्रण अशा निष्कर्षासाठी पुरावा म्हणून वापरता येते.